रांगेतलं शेवटचं नाव

न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर होता आणि रेडिओवर कुणीतरी माझं नाव घेतलं. गाण्यात घेतलं. गिटारी जरा मागे सरल्या आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत एक आवाज लांबवून म्हणाला, "बोसेंगे ओऽऽ!" मी दचकलो. कातडी कापली गेली ते मला कळलंसुद्धा नाही. न्हावीच "अहो पापा, हलताय काय!" म्हणून ओरडला आणि स्पिरिटचा बोळा शोधायला लागला. आंब्याखालच्या त्याच्या टपरीत आरशाला तडा गेलेला आहे, त्यामुळे माझा चेहरा एरवीही मला दोन तुकड्यांत दिसतो, पण त्या दिवशी तो माझा वाटेना. कॉलरवर रक्ताचा ओघळ आला होता. "झक्कास वाजवतात ना ही पोरं?" बोळा दाबत न्हावी म्हणाला. "अगदी जुन्या मपोंगो बँडसारखं." मी विचारलं, "कोण ही पोरं?" तर तो हसला. "बाना मपोंगो. मपोंगोची लेकरं. पापा, तुम्ही तर मपोंगोचे जुने भक्त, आणि तुम्हालाच ठाऊक नाही? सगळ्या किन्शासात हेच वाजतंय." मी पैसे ठेवून उठलो. जखम झोंबायला लागली होती.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होतो. मी शाळेत गणित शिकवतो. समजावणं हा माझा धंदाच आहे. गाणं जुनंच होतं, 'अंजेलीचं घर'. मपोंगोने ते वाजवलं तेव्हा आम्ही विशी-बाविशीतले होतो आणि मपोंगोचा गायक लोक्वा आमच्याच गल्लीत, आमच्याच नळावर पाणी भरायचा. गाण्यात नाव फेकायची आमच्याकडे पद्धतच आहे. त्याला लिबांगा म्हणतात, म्हणजे दगड. मंत्री, हिरेवाले, विमानाने ये-जा करणाऱ्या बाया पैसे मोजून आपल्या नावाचा दगड फेकून घेतात. लोक्वाने मात्र आमची नावं फुकट फेकली होती, दोस्तीखातर. पोरांनी जुनं गाणं उचललं, त्याबरोबर जुनी नावंही उचलली. कोण एकोफो, कोण बोसेंगे, त्यांना काय ठाऊक! इतकी साधी गोष्ट. पण लोक्वा माझं नाव घेताना हसला होता. तबकडीवर ते हसू ऐकू येतं, नावाच्या शेपटाला चिकटलेलं. या पोराच्या आवाजात हसू नव्हतं. त्याने नाव खाली ओढत नेलं, जसं मयताच्या मांडवात नेतात तसं. रस्ता बंद करून ताडपत्री ताणलेली असते, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लोक बसलेले असतात, भाड्याने आणलेला बँड दोन गाण्यांच्या मध्ये थांबतो आणि गेलेल्या माणसाला हाक मारतो, की बाबा रे, बघ, तुझी माणसं आली आहेत. तो सूर आमच्यातल्या लहान पोरालाही ओळखू येतो. जिवंत माणसाला त्या सुरात कुणी हाक मारत नाही.

त्या रात्री मला नावांचा क्रम आठवला. खरं सांगायचं तर तो मी कधी विसरलोच नव्हतो, फक्त त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. एकोफो, न्लांदू, इबांदा, माकेला, बोसेंगे. एकोफो नदीत गेला. बोलोबोहून येणारी होडी उलटली आणि तो, आमच्यातला एकटाच पट्टीचा पोहणारा, सापडला नाही. न्लांदूला तो आजार झाला ज्याचं नाव त्या काळी कुणी घेत नसे. शेवटी त्याची आई त्याला कडेवर घेऊन उन्हात बसवायची. इबांदाला लुटालुटीच्या दिवसांत सैनिकाची गोळी लागली, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी फ्रीज होता. माकेला गेल्या पावसाळ्यात साखरेने गेला, आधी पाय आणि मग तो. चार माणसं मरायचे चोवीस क्रम होऊ शकतात, त्यांतला एक हा. चोविसात एक म्हणजे काही भुताटकी नव्हे, हे मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं असतं. पण फळ्यावर माझं नाव नसतं. मी अंथरुणात पडून माझा श्वास ऐकत राहिलो. शेजारी माझी बायको ओदेत झोपली होती. आपल्याला मरणाची भीती वाटते हे मला या वयात पहिल्यांदा कळत होतं, आणि तिची मला लाजही वाटत होती. एवढे मित्र पोचवले, प्रत्येकाच्या मांडवात भाषण केलं, आणि आता एका रेडिओने माझी पाचावर धारण बसवली!

आणि हा क्रम तरी कुठून आला? रेकॉर्डिंगच्या दिवशी लोक्वा गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आला तेव्हा आम्ही स्टुडिओसमोर एका बाईकडे भजी घ्यायला उभे होतो, पिठाची गोड गोल भजी, मिकाते. "पोरांनो, तुमची नावं टाकतो रे," तो म्हणाला, आणि जसे उभे होतो तशी त्याने बोटाने मोजली. एकोफोला भूक जास्त म्हणून तो पुढे. मी भिंतीआड लघवीला गेलो होतो, धावत येऊन शेवटी उभा राहिलो. बस, एवढंच. त्या दिवशी मला जरा कमी तहान लागली असती तर मी न्लांदूच्या जागी असतो. असं मनात आलं की मी उठून पाणी पीत असे; मग पाणी प्यायलो म्हणून पुन्हा उठावं लागे. ओदेतला सकाळी सांगितलं, हसत हसत, जणू गंमत. ती हसली नाही. ती नव्या प्रार्थनामंदिरात जाते; तिच्या लेखी आमची सगळी गाणी 'जगाची', म्हणजे सैतानाची. "मी लग्नापासून सांगतेय," पातेलं आपटत ती म्हणाली, "नाव घेऊन हाक मारायचं काम वरच्याचं. तुम्ही ते दारुड्यांच्या हातात दिलंत. आता निस्तरा." मग माझ्या कॉलरकडे बघून मऊ आवाजात म्हणाली, "पास्टरांना विचारू का?" ते विचारणं मला जास्त भिववून गेलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी आम्ही मपोंगोवाले बेआताईच्या बारमध्ये बसतो. पूर्वी दोन लांब टेबलं लागायची, आता एक पुरतं. कालोंदा आमचा अध्यक्ष. शिंपी आहे, पिवळा शर्ट इस्त्री करून घालतो, खिशावर मपोंगोचा गरुड स्वतःच्या हाताने भरलेला. त्या दिवशी तो पेटलेलाच होता, कारण दिदिये नावाच्या आमच्यातल्या सर्वांत तरुण सभासदाने, त्याच्या दोन टॅक्सी चालतात, फोनवर बाना मपोंगोचं गाणं लावलं होतं.

"बंद कर ते," कालोंदा म्हणाला. "कोंबडीला पिसं चिकटवली म्हणून गरुड होत नाही."

"ऐका तर खरं, अध्यक्ष! डोळे मिटून ऐका. आता दुसरं लावतो, ही गिटार ओळखून दाखवा, जुन्या मपोंगोची की या पोरांची."

"माझी परीक्षा घेतोस? तुझी आई तुला पाठीला बांधून बाजारात जायची तेव्हापासून मी हे ऐकतोय."

"मग सांगा की!"

कालोंदाने डोळे मिटले. ऐकता ऐकता त्याच्या भुवया हलायला लागल्या. "नवी," तो शेवटी म्हणाला. "जुनीत घाम ऐकू येतो. ही पंख्याखाली बसून वाजवलीय."

"हीच तर जुनी होती," दिदिये टेबलावर हात मारून म्हणाला, आणि सगळा बार हसला. बेआताई काउंटरमागून ओरडली, "अध्यक्ष, आता राजीनामा!" कालोंदाही हसला, पण कानाची पाळी चोळत. मग त्याने नवीन बँडांची खरडपट्टी काढली. एकाने मपोंगो नाव लावून पुढे 'असली' जोडलंय, एकाने 'पुनर्जन्म' जोडलंय, आणि ही लेकरं! "अरे, लोक्वाला एक पोरगी होती, तीसुद्धा बेसूर. ही लेकरं कुठून उपटली?" दिदिये म्हणाला, "पापा, वाजवणारे मेले. आता कुणी वाजवायचंच नाही का? तुम्हाला गाणं जिवंत हवंय की काचेच्या कपाटात?" मला या वादात एरवी मजा आली असती. मी दोन्ही बाजूंनी बोललो असतो, कालोंदाला अजून थोडा पेटवला असता. पण दिदियेने फोनवर पुन्हा लावलेलं पोरांचं गाणं पुढे सरकत होतं, आणि ते कुठवर आलंय हे मला न ऐकताही कळत होतं. अंजेली दार उघडते, मग वेग वाढतो, मग नावं. मी बाटली घट्ट धरली. एकोफो. न्लांदू. "बोसेंगे ओऽऽ!" झालं तसं सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या, अमर झालास लेका म्हणून. दिदियेने माझ्यासाठी बाटली मागवली. कुणालाच तो सूर ऐकू आला नव्हता.

नाही, कालोंदाला काहीतरी लागलं होतं, पण वेगळंच. बाकीचे उठल्यावर तो माझ्याजवळ सरकून बसला. "तुझं नाव दोनदा आलं," तो म्हणाला. "एकदा खऱ्यात, एकदा खोट्यात. माझं एकदाही नाही. अख्ख्या जन्मात नाही. त्याच दिवशी मला ताप भरायचा होता!" हे मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की एरवी मी पुढचं वाक्य त्याच्याआधी म्हणायचो. हिवताप, आईने दोन गोधड्या घातलेल्या, आणि खिडकीतून आम्ही परत येताना दिसलो, नाचत. "मी असतो तर भज्यांच्या रांगेत पहिला असतो," तो म्हणाला. "खाण्याच्या बाबतीत एकोफो माझ्यापुढे कधी नव्हता." मी त्याच्याकडे बघितलं. पहिला. त्याला कळलं नाही आपण काय बोललो ते. मी म्हणालो, "कालोंदा, तू कधी बघितलंस का, ती नावं ज्या क्रमाने आहेत ना..." "क्रम कसला रे," त्याने माझं बोलणं तोडलं, "मला शेवटचं टाकलं असतं तरी चाललं असतं!" आणि तो मोठ्याने हसला, समोरचा एक दात पडलेला, डोळ्यांत पाणी. मी विषय बदलला. म्हटलं, तू येतोस का माझ्याबरोबर, त्या पोरांच्या तालमीला? मला त्यांना विचारायचंय, माझ्या परवानगीशिवाय नाव का घेतलं. "येतो म्हणजे?" कालोंदा म्हणाला. "असा झाडतो एकेकाला की गिटार मोडून जळणाला वापरतील."

तालीम न्गिरी-न्गिरी वस्तीत एका पडक्या भिंतीच्या अंगणात चालायची, दुपारच्या उन्हात. गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू यायला लागलं, आणि कालोंदाची चाल बदलली. मला ते शरमेने सांगावं लागतंय, कारण माझीही बदलली. पाय आपोआप ठेका धरत होते. लोक्वा भिंतीपलीकडे उभा आहे, आत गेलं की टॉवेल खांद्यावर टाकून शिवी देईल, असं क्षणभर अगदी खरं वाटलं आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला, कारण लोक्वा असलाच तर तो एकटा कसा असेल? बाकीचेही असणार. एकोफो ओल्या कपड्यांनी. मी फाटकाचा लोखंडी पत्रा धरला, तो उन्हाने तापला होता. त्या चटक्याने मला बरं वाटलं.

आत पाच-सहा पोरं, दोन नाचणाऱ्या मुली, आणि मधे गायक, ग्लोदी नावाचा, उंच, अंगात बाह्या कापलेला बनियन. पोरं विसावा संपवून पुन्हा उभी राहत होती. आम्हाला पाहून ग्लोदीने हाताने बसा म्हटलं, थोरांना म्हणावं तसं, आदराने. मग त्याने बिअरची बाटली उघडली. स्वतः प्यायला नाही. जमिनीवर थोडी ओतली आणि म्हणाला, "एकोफो, प्या." पुन्हा ओतली. "न्लांदू, प्या." त्याची पोरं माना खाली घालून उभी होती. फेस मातीत बसत होता. माकेलाचं झालं. "बोसेंगे, प्या, आणि आमच्या हातात बळ द्या." माझ्या नावाची बिअर माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर मुरली. कालोंदाने मला कोपराने ढोसलं, हसू दाबत.  किती दिवस ही पोरं मला असं पाजत होती? मी घरी जेवत होतो, मुलांच्या वह्या तपासत होतो, आणि इकडे रोज दुपारी मला मातीत वाढलं जात होतं.

"मी बोसेंगे," मी म्हणालो.

 एका मुलीने छातीवर क्रूस काढला. ढोलवाला एक पाऊल मागे गेला. "चेष्टा नका करू पापा," ग्लोदी हळू म्हणाला. "ते सगळे गेले. आमच्या वस्तादांनी सांगितलंय. ही गाण्याची पितरं आहेत, त्यांना बोलावल्याशिवाय गाणं उभं राहत नाही."

"अरे, पितर कसलं! साक्षात बोसेंगेच आहे हा," कालोंदा ओरडला. "बीजगणितात पोरांना नापास करणारं पितर बघितलंय कधी?"

मग मात्र हलकल्लोळ झाला. पोरं हसायला लागली, रडायला लागली, एकाने माझ्या पायांना हात लावला, मी मांसाचा आहे का बघितल्यासारखा. ग्लोदीने मला मिठी मारली. तुम्ही जिवंत! तुम्ही रंगमंचावर यायचं! मी त्याला हाताने दूर केलं आणि म्हणालो, माझं नाव काढा. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. त्यांनी कारण विचारलं नाही; जिवंत माणसाला मयताच्या सुरात हाक मारली ही चूक त्यांना लगेच कळली, आणि ती पोरं खरोखर ओशाळली. "काढतो पापा, आत्ताच काढतो." त्यांनी ते तेवढं वाजवून बघितलं. एकोफो, न्लांदू, इबांदा, माकेला, आणि मग भोक. पहिली गिटार आत यायची तीच मुळी माझ्या नावाला धरून. ती अडखळली, ढोल पुढे निघून गेला, सगळं कोसळलं. पुन्हा केलं, पुन्हा कोसळलं. "रिकामं राहत नाही पापा," ग्लोदी घाम पुसत म्हणाला. "इथे कुणीतरी पाहिजे. तीन ठोक्यांचं नाव. बो-सें-गे."

"का-लों-दा," कालोंदा म्हणाला.

तो आधी थट्टेने म्हणाला. मग त्याने स्वतःचंच ऐकलं. टाळीवर पुन्हा म्हणून बघितलं, का-लों-दा, आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा उघडा पडला. ज्यांना झाडायला आला होता त्यांच्यासमोर हा माणूस पिवळा शर्ट नीट करत उभा होता. "बसतंय की नाही?" त्याने विचारलं. गिटारवाला म्हणाला, बसतंय. पण ग्लोदीने माझ्याकडे बघितलं. "जागा तुमची आहे पापा. तुम्ही सांगाल तसं."

आता कालोंदाला सांगायचं. क्रम सांगायचा, होडी, आजार, फ्रीज, पाय, सगळं सांगायचं. तो हसला असता, पण मी सांगितलेलं असतं. मी तोंड उघडलंही. आणि माझ्या डोक्यात गणित सुरू झालं. त्या दिवशी हा तापाने पडला नसता तर रांगेत पहिला असता. पहिला म्हणजे एकोफोच्याही आधी. म्हणजे इतकी सगळी वर्षं त्याला वरकड मिळाली आहेत. शिवाय त्याला हे हवंच आहे. शिवाय हे सगळं खोटं आहे, चोविसात एक. एकाच वेळी मी ते खोटं मानत होतो आणि त्याच्यावर माझा जीव टांगून उभा होतो. कालोंदा माझ्याकडे बघत होता, आशेने.

"घाला," मी म्हणालो.

ग्लोदीने डोळे मिटले, गिटारी मागे सरल्या. एकोफो, न्लांदू, इबांदा, माकेला, "कालोंदा ओऽऽ!" खाली, खोल, ओढत नेलेलं. सूर त्याला दुसरा येतच नव्हता. गिटार चोख आत आली. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं, इतकं उघड उतरलं की मी भिंतीला टेकलो. उन्हाचा वास आला, शेजारच्या अंगणात तळणाऱ्या माशांचा वास आला, कितीतरी दिवसांनी भूक लागली. आणि मग भीती परत आली, नव्या जागी बसायला, माझ्या समोर नाचणाऱ्या त्या पिवळ्या पाठीवर. कालोंदा दोन्ही हात वर करून नाचत होता, म्हाताऱ्या गुडघ्यांनी, नाचता नाचता रडत होता. गाणं संपल्यावर त्याने मला मिठी मारली. "तू मला काय दिलंस तुला कळत नाही रे," तो माझ्या कानात म्हणाला. त्याच्या घामाने माझी कॉलर ओली झाली.

ग्लोदीने बाटली उचलली. सवयीने, दुसरं काही नाही. नवं नाव आलं तर त्याचंही करायला हवं. त्याने उरलेली बिअर कालोंदाच्या पायाशी ओतली. "कालोंदा, प्या."

"अरे गाढवा, मातीत काय ओततोस!" कालोंदा ओरडला. "ग्लासात दे, मी तर इथेच उभा आहे!"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.